स्वस्त गिटारीची कुळकथा

वाद्याची योग्यता त्याच्या किंमतीवरून ठरवावी, असा एक समज आपल्या मध्यम वर्गांत बराच दृढ आहे. मुलासाठीं विजेची गिटार घ्यावयाची झाली म्हणजे घरांत हा वाद हटकून निघतो: हलकी घेऊन ती हळूहळू सुधारावी, कीं मुळांतच महाग घ्यावी? याचें उत्तर दुकानदाराला विचारण्यापेक्षां इतिहासाला विचारलेलें बरें, असें आम्हांस वाटतें.

इतर तंतुवाद्यांचा नाद पेटींत किंवा भोपळ्यांत घुमून बाहेर पडतो. विजेच्या गिटारीचें तसें नाहीं. तिच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार हालली कीं त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं सिद्ध केलेलें तत्त्व तें हेंच. त्याचा उपयोग करून जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं १९३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत अ‍ॅल्युमिनियमची एक गिटार विक्रीस काढली. तिचा आकार पाहून लोकांनीं तिला तळण्याचा तवा म्हटलें!

परंतु खरें स्थित्यंतर घडविलें तें लिओ फेंडरनें. हा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारा. त्यास स्वतःला गिटार कधींच वाजवितां आली नाहीं. १९५० सालीं फुलर्टन गांवीं त्यानें जी भरीव लाकडाची गिटार काढली, तिची मान धडास सरसानें चिकटविलेली नसून स्क्रूंनीं आवळलेली होती. व्हायोलिन घडविणाऱ्या कारागिरास हा प्रकार ओबडधोबड वाटला असता. पण मान बिघडली तर काढावी व दुसरी बसवावी, एवढा सरळ हिशेब त्यामागें होता. त्याचा परिणाम फेंडरच्या अपेक्षेपेक्षां दूरवर गेला असावा. वाद्य ही एकजीव वस्तु न राहतां भागांची जुळणी झाली, आणि भाग बदलण्याचा अधिकार कारखान्याकडून वाजविणाऱ्याच्या हातीं आला.

न्यू जर्सींतील नॅथन डॅनिअल तर याहून पुढें गेला. टपालानें माल विकणाऱ्या सिअर्स पेढीसाठीं त्यानें १९५४ पासून ज्या गिटारी केल्या त्यांत लाकडी चौकटीवर दाबीव भुशाच्या फळ्या बसविलेल्या असत, आणि चुंबक व वेढे घातलेले असत ते ओठांस लावावयाच्या रंगाच्या नळ्यांत! तरीहि लेड झेपेलिनच्या जिमी पेजनें असलें डॅनेलेक्ट्रो वाद्य हजारों श्रोत्यांपुढें वाजविलें, आणि त्याच्या आवाजाविषयीं कोणी नाक मुरडल्याचें ऐकिवांत नाहीं.

सर्वांत सुरस कथा मात्र इंग्लंडांतील आहे. ब्रायन मे हा लंडनच्या उपनगरांतला सोळा वर्षांचा विद्यार्थी. नांवाजलेली अमेरिकन गिटार घेण्याची घरची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. १९६३ सालीं बापलेकांनीं गिटार घरींच करावयास घेतली व सुमारें दोन वर्षें फुरसतीचा वेळ तिच्यापायीं खर्चिला. मान केली ती जुन्या शेकोटीवरच्या महागनीच्या फळीची. तीस किड्यांनीं पाडलेलीं भोकें आगकाड्यांनीं बुजविलीं. धडास जुन्या ओकच्या टेबलाचें लाकूड लावलें. मानेवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या बटणांच्या, सूर हेलकावणाऱ्या यंत्रास जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि त्याच्या दांडीचें टोंक विणावयाच्या सुईचें. चुंबकवेढे तेवढे घरचे साधले नाहींत. तार आडवी ताणली कीं आवाज बिघडे. म्हणून ते बर्न्स कंपनीचे विकत आणले, आणि त्यांतहि अ‍ॅराल्डाइट ओतून सुधारणा केली. पुढें क्वीन या वाद्यवृंदाचें नांव जगभर झालें तें याच गिटारीच्या आवाजावर. (या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फरोख बलसारा, आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला.) गंमत अशी कीं, मुलानें खगोलशास्त्राचें संशोधन अर्धवट टाकून गाण्याचा मार्ग धरला, तेव्हां ज्या बापानें वाद्य घडविण्यास हात लाविला त्यालाच तें रुचलें नाहीं. आम्हां अध्यापकांची सहानुभूति अर्थात् बापाकडे! मुलानें २००७ सालीं तें संशोधन पुरें करून डॉक्टरेट मिळविली, ही गोष्ट निराळी.

अमेरिकेंत एडी व्हॅन हेलननें १९७५ नंतर हाच उद्योग दुसऱ्या रीतीनें केला. कारखान्यानें सदोष म्हणून बाजूस ठेवलेलें धड त्यानें ५० डॉलरांस घेतलें, मान ८० डॉलरांस, आणि जुन्या गिब्सन गिटारींतला चुंबकवेढा काढून तो थेट लाकडास आवळला. आवाज मोठा केला म्हणजे सैल वेढे स्वतःच थरथरून किंचाळतात. यावर उपाय म्हणून त्यानें तो भाग वितळलेल्या पॅराफिन मेणांत बुडविला. या खटपटींत कांहीं चुंबकवेढे वितळूनहि गेले. १९७८ सालीं निघालेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत ही गिटार ऐकावयास मिळते.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट आम्हांस दिसते. ज्यांनीं सुधारणा केली त्यांस आपल्या वाद्यांत नेमकें काय खटकतें हें ठाऊक होतें. बाजारांतून महाग चुंबकवेढा आणून बसविला कीं गिटार गाऊं लागेल, ही समजूत म्हणजे जवारी न काढतां तंबोऱ्याची घोडी हस्तिदंती करण्यापैकीं आहे. आजच्या स्वस्त गिटारींचें लाकूड यंत्रानें कापलेलें असल्यामुळें धड व मान बहुधा नीट असतात. काटकसर होते ती खुंट्या, बटणें आणि मानेच्या माथ्यावरची, तारा ज्या खांचांतून जातात ती पट्टी यांत. म्हणून आरंभ तेथून करावा. खांचा योग्य खोल करणें, तारांची उंची बसविणें, उंचसखल पडदे घासून सपाट करणें, यांस पैसा थोडा लागतो, धीर फार. मग खुंट्या. घरघर येत असेल तर आंतल्या पोकळीस तांब्याचा पातळ पत्रा लावून तो जमिनीच्या तारेस जोडावा. चुंबकवेढ्यांचा विचार सर्वांत शेवटीं.

काढलेले मूळ भाग मात्र पुडींत बांधून ठेवावे. बदललेल्या भागांचे पैसे विकतांना क्वचितच वसूल होतात, आणि गिऱ्हाईक मूळ भागांचीच चौकशी करतें.