औषधपत्रातील लॅटिन
डॉक्टरने औषधविक्रेत्यासाठी लिहिलेल्या सूचनांतील संक्षिप्त, ठरीव लॅटिन. मध्ययुगीन यूरोपात विद्येची भाषा लॅटिन असल्याने औषधशास्त्रानेही ती स्वीकारली. लंडनचा औषधकोश (१६१८) लॅटिनमध्ये होता. ब्रिटिश औषधकोश (१८६४) इंग्रजीत निघाला (→ औषधकोश). औषधपत्राच्या आरंभीचे चिन्ह ‘रेसिपे’ (घे) या आज्ञार्थी रूपाचा संक्षेप होय. त्यामुळे पारंपरिक लेखनात प्रमाण द्वितीयेत, तर घटकद्रव्य षष्ठीत येते. संस्कृत शिकलेल्यास ही विभक्तिव्यवस्था अपरिचित वाटत नाही. प्रचलित संक्षेप : ‘बी.डी.’ (बिस दिए) दिवसातून दोनदा, ‘टी.डी.एस.’ तीनदा, ‘ए.सी.’ जेवणापूर्वी, ‘एच.एस.’ झोपताना. शरीररचनेच्या संज्ञा मुख्यतः लॅटिन, रोगनामे बहुधा ग्रीक मुळाची (→ वैद्यकीय परिभाषा). भारतातील औषधचिठ्ठ्यांत हे संक्षेप रूढ आहेत. चुकीच्या वाचनाचा धोका टाळण्यासाठी सूचना पूर्ण शब्दांत लिहिण्याची शिफारस केली जाते.