बर्फाच्या थरांचें वाचन

१३९७ सालीं आल्प्स पर्वतांतील अँडरमाट गांवानें एक लेखी निर्बंध घातला: गांवाच्या माथ्यावरील रानांतील झाड कोणींही तोडूं नये. तें रान म्हणजे गांवाची तटबंदीच होती. उतारावरील बर्फ त्या झाडांमुळें जागच्या जागीं थोपून राही. बर्फ कोठून येतें हें अनुभवानें कळलें. तें कां सुटतें हें कळावयास मात्र पुढें पांच शतकांहून अधिक काळ लोटावा लागला.

१८८१ सालीं स्वित्झर्लंडचे मुख्य वनाधिकारी योहान कोआझ यांनीं स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध करून या अभ्यासाचा पाया घातला. पुढें १९३६ सालीं दावोसनजीक वाइसफ्लूयोख येथें, अडीच हजार मीटरांहून अधिक उंचीवर, संशोधकांनीं प्रयोगशाळा थाटली. भूस्तरशास्त्रज्ञ खडक तपासतो त्याप्रमाणें त्यांनीं बर्फ उभें कापून थरामागून थर तपासला.

त्यांतून उलगडलेलें रहस्य असें: भूमीलगतचें बर्फ तुलनेनें ऊबदार असतें, वरचें कडक थंडीनें गारठलेलें. त्यामुळें खालची वाफ वर चढते आणि तळचे बारीक कण वाढून जाड्याभरड्या साखरेसारखे सुटे होतात. अशा दुबळ्या थरावर वाऱ्यानें दाबलेली घट्ट लादी बसली, कीं संकट सिद्ध झालें. तीस अंशांहून अधिक उतारावर एका माणसाचा भारही ती लादी मोडण्यास पुरतो.

१९४५ पासून धोक्याच्या सूचना देण्याचें काम दावोसच्या संस्थेनें सैन्याकडून आपल्याकडे घेतलें. तरीही १९५१ च्या हिवाळ्यांत स्वित्झर्लंडांत ९८ माणसें दगावलीं. त्या धड्यानंतर बर्फ थोपविणारीं कुंपणें वाढलीं, धोक्याच्या जागांचे नकाशे झाले, तेथें घरें बांधण्यास बंदी आली. १९९९ च्या फेब्रुवारींत पुन्हां प्रचंड हिमवृष्टि झाली. तेव्हां त्या देशांतील बळींची संख्या १७ वर राहिली.

गांवें अशा रीतीनें पुष्कळशीं सुरक्षित झालीं; परंतु संकटानें आपली जागा बदलली. आज बळी पडतो तो बहुधा मोकळ्या डोंगरांत हौसेनें बर्फावरून घसरत जाणारा प्रवासी. आणि ती लादी बहुतेक वेळां त्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्याच भारानें तुटते. १९९३ सालीं युरोपीय देशांनीं धोक्याच्या पांच पायऱ्या ठरविल्या. सर्वांत जास्त मृत्यु घडतात ते तिसऱ्या पायरीवर. पांचव्या पायरीच्या दिवशीं माणूस घरीं बसतो. तिसरीच्या दिवशीं आकाश निरभ्र असूं शकतें, ताजें बर्फ खुणावतें, आणि सूचना वाचूनही पाऊल पुढें पडतें. थर वाचण्याची विद्या शास्त्रानें दिली. मागें फिरण्याचा संयम मात्र ज्याचा त्यानेंच आणावयाचा असतो. अँडरमाटच्या शेतकऱ्यांनीं तो स्वतःवर कायद्यानें लादून घेतला होता.