अंदाजाचे मोल

संक्रांतीच्या यात्रेत होम मैदानावर भाकणूक ऐकावयास कधीच उभा राहिला नाही, असा सोलापूरकर विरळा. दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्य, गूळ, भाजी असे जिन्नस मांडतात. ते कशाला तोंड लावते, कशाकडे पाठ फिरविते, गर्दीला बुजते की शांत राहते, यावरून येत्या सालाचा पाऊस आणि बाजारभाव सांगितला जातो. पुढल्या संक्रांतीला मागली भाकणूक कोणी वहीत पडताळून पाहत नाही, आणि पाहावी अशी अपेक्षाही नसते. तो श्रद्धेचा विषय आहे. वासराला त्याबद्दल बक्षीस नाही आणि दंडही नाही.

परंतु माणूस जेव्हा स्वतःच्या जाणतेपणावर भाकीत करतो, तेव्हा त्याचे मोल कोणी, कसे ठरवावे? हा जुना प्रश्न आज नव्या वेषात आपल्या दारी आला आहे. सामना कोण जिंकेल याचे नेमके अंदाज बांधणाऱ्या जाणकारांना मोबदला द्यावा, आणि ते अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला शिकविण्यासाठी वापरावेत, असा विचार जगात पुढे आला आहे. ज्या गावी 1926 साली पॉली उम्रीगर जन्मले, त्या गावात क्रिकेटची भाकिते करणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. म्हणून या प्रश्नाचा इतिहास येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते.

आमच्या इतिहासाचा आरंभ कापसापासून होतो. गिरण्यांच्या या शहरात कापसाचा भाव हा एके काळी हजारो घरांच्या चुलीचा प्रश्न होता. पीक किती आले, पाऊस केव्हा उघडला, गिरण्यांची मागणी किती, हे सारे ध्यानात घेऊन भावाचा अंदाज करणारा व्यापारी खराखुरा जाणकार होय. पण मुंबईत याच भावाभोवती दुसराच खेळ उभा राहिला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत, आणि लोक त्यांतल्या आकड्यांवर पैसे लावीत. पुढे 1961 च्या सुमारास ते भाव येणे थांबले. तरी खेळ थांबला नाही. चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या मडक्यात घालावयाच्या आणि एकेक काढावयाची, अशी युक्ती निघाली. 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीत ज्याचा जम बसविला तो हाच मटका. त्यात कापूस उरला नाही, पाऊस उरला नाही, जाणतेपण तर नाहीच नाही. उरले ते केवळ मडके. आणि गिरणी कामगाराच्या पगारातला किती हिस्सा त्या मडक्यात गेला, हे गिरणगावांतील जुन्या घरांना विचारावे.

नशीब आणि कौशल्य यांतील ही सीमारेषा कायद्यालाही आखावी लागली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे वेड शिगेला पोहोचले होते. मुंबई सरकारने 1948 साली अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. 1955 च्या केंद्रीय कायद्याने तर महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना मनाई केली आणि प्रवेशिकांची मर्यादा दोन हजार ठरविली. बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रात कोडी चालविणारे चमारबागवाला यांनी या दोन्ही कायद्यांना न्यायालयात आव्हान दिले. 1957 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण मिळावयाचे नाही. मात्र जेथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे, अशा स्पर्धांना 1955 चा कायदा लागू नाही. पुढे 1996 साली घोड्यांच्या शर्यतीवरील अंदाजही याच न्यायालयाने कौशल्यात गणला. आणि 2025 साली संसदेने पैसे लावून संगणकावर व भ्रमणध्वनीवर खेळावयाच्या खेळांना बंदी करणारा कायदा केला, तेव्हा कौशल्य की नशीब हा भेदच बाजूस ठेवला. पैसे लावले की नाही, एवढेच पाहिले. आमच्या मते या शेवटच्या पायरीत एक शहाणपण आहे. जाणकाराला मोबदला देणे निराळे आणि त्याच्याकडून पैसे लावून घेणे निराळे.

तर मग, पैसे न लावता जाणकार ओळखावा कसा? याचे उत्तर खेळाच्या मैदानावर नव्हे, हवामानाच्या कचेरीत सापडले. अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी 1950 साली अंदाजाची किंमत करण्याची एक रीत मांडली. पावसाचा अंदाज ‘पडेल’ वा ‘पडणार नाही’ असा न सांगता शंभरांत किती संभव आहे ते सांगावे. आणि अंदाज व घडलेली गोष्ट यांतील अंतराचा वर्ग करून तेवढा दंड मोजावा.

याचा हिशेब पार्क मैदानावरच्या प्रेक्षकालाही सहज कळेल. समजा, एका संघाची जिंकण्याची शक्यता शंभरांत सत्तर आहे, आणि तसे दहा सामने झाले. सात जिंकले, तीन हरले. जो प्रामाणिकपणे ‘सत्तर’ म्हणाला, त्याला जिंकलेल्या सामन्यास 9 पैसे व हरलेल्यास 49 पैसे दंड. एकूण 210 पैसे. ‘जिंकणारच’ अशी दरवेळी बढाई मारणाऱ्याला तीन पराभवांचे 300 पैसे. आणि ‘काही सांगता येत नाही’ म्हणून पन्नासावर बसून राहणाऱ्या भित्र्याला 250 पैसे. बढाईखोर आणि भित्रा दोघेही मागे पडतात. मनात आहे तेच बोलणारा पुढे जातो. प्रामाणिकपणा हाच जेथे फायद्याचा, असा हिशेब बाजारात विरळाच.

ही रीत आज क्रीडेतही आली आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सामन्यांचे अंदाज करण्याची एक स्पर्धा कॅगल या संस्थेच्या संगणकमंचावर 2014 पासून भरते. स्पर्धक आपापल्या शिकविलेल्या यंत्रांकडून अंदाज करवितात, आणि 2023 साली त्यांचे गुण ब्रायर यांच्याच पद्धतीने मोजले गेले. एका सामन्यावर टाळ्या मिळविणारा येथे टिकत नाही. शेकडो सामन्यांचे अंदाज आधी लिहून द्यावे लागतात, आणि चुकलेले त्यांतून वगळता येत नाहीत.

येथवर सारे ठीक. पण यंत्र माणसाच्या अंदाजावरून शिकू लागले, म्हणजे एक प्रश्न उरतो. धावफलक यंत्राला कोणीही देईल. खेळपट्टी तिसऱ्या दिवशी कशी फुटेल, संध्याकाळच्या दवाने चेंडू कसा निसटेल, दुखऱ्या बोटाचा गोलंदाज किती षटके टिकेल, हे ज्याने वर्षानुवर्षे मैदानाच्या कडेला बसून जाणले, त्याचे ते जाणतेपण त्याच्या अंदाजात उतरते. यंत्र ते एकदा उचलते आणि पुढे अहोरात्र वापरते. मग जाणकाराला मोबदला एकदाच द्यावयाचा काय?

हा प्रश्न सोलापूरला परका नाही. आपल्या चादरीवरील नक्षी ज्या जकार्ड मागावर उठते, त्याच्या पुठ्ठ्यांना पाडलेल्या भोकांत कोणा नक्षीकाराची नजर साठविलेली असते. नक्षी एकदा काढावयाची; मागावर मात्र हजार चादरी निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या जकार्डने चालू केलेल्या या पुठ्ठ्यांवरूनच पुढे गणकयंत्राला हुकूम देण्याची कल्पना निघाली, हेही येथे ध्यानात घ्यावे. चादर घराघरांत पोहोचली. नक्षीकाराचे नाव मात्र तिच्या काठावर विणले गेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. अंदाज आधी लिहिलेला असावा, खरे-खोटे दोन्ही जमेस धरलेले असावे, सांगणाऱ्याकडून एक पैसाही लावून घेतलेला नसावा. आणि त्याच्या जाणतेपणावर यंत्र जोवर कमावते, तोवर त्या कमाईत त्याचा वाटा असावा. पहिल्या तीन गोष्टी झाल्या की मडके आणि माणूस यांतला भेद स्पष्ट होतो. चौथी झाली, तर नक्षीकाराचे जे राहून गेले ते निदान जाणकाराच्या बाबतीत तरी राहणार नाही.