सुरतेत बसून शिवपट पाहताना



‘सुरत बदसुरत केली’ हे वाक्य आपल्या घरांत सहज बोलले जाते. साताऱ्यात त्याला टाळी मिळेल. पांडेसऱ्यात मात्र शेजारचा सुरती ते ऐकत असतो. शहर त्याचे आहे, आणि काही पिढ्यांच्या वास्तव्याने आता आपलेही आहे. म्हणून ऐतिहासिक चित्रपटांची आपली आवड इथल्या इतिहासापुढे ठेवून पाहावी, असे वाटले.

ही आवड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. कथा ह. ना. आपट्यांच्या कादंबरीची. महाराज झाले स्वतः पेंटर आणि शेलारमामा व्ही. शांताराम. पुढे १९३० मध्ये प्रभातने शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ‘स्वराज्याचे तोरण’ तयार केला. इंग्रजी अमलातील सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्दच खुपला आणि नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले. ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचे. गोष्ट सतराव्या शतकातली असली तरी ती बोलत होती १९३० च्या प्रेक्षकाशी.

भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत भस्म झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला आणि १९५२ मध्ये ‘छत्रपति शिवाजी’ दिला. त्यांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ या चित्रपटांना लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली हृदयनाथांच्या संगीतात ‘शिवकल्याण राजा’ आले. खान्देशातून मिलच्या कामासाठी इथे आलेल्या माणसाला अशा सुरांनी गावाशी बांधून ठेवले. हे ऋण मोठे आहे.

पण चित्रपटाला एक नायक लागतो आणि कॅमेरा त्याच्याच बाजूने उभा राहतो. सुरतेची हकिकत दोन्ही बाजूंनी पाहावी लागते.

शाहिस्तेखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला होता. मुलूख उजाड झाला आणि खजिना आटला. सुरत हे मुघलांचे सर्वांत श्रीमंत बंदर, आणि त्याच्या जकातीवर बादशाही पोसली जात होती. युद्धाचा खर्च शत्रूकडूनच वसूल करायचा, या हिशेबाने महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर आले. सुभेदार इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज आणि डच यांनी आपापल्या वखारी राखल्या. कॅपुचिन पाद्री अँब्रोझ यांच्या मठाला, आणि डचांच्या एका दिवंगत, दानशूर दलालाच्या घराला धक्का लागला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले आणि परतताना दिंडोरीजवळ मुघल फौजेशी लढले.

आता दुसरी बाजू. लुटल्या गेलेल्यांत वीरजी व्होरा होते. ईस्ट इंडिया कंपनीला कर्ज देणारा हा सावकार धर्माने जैन. मीही जैन आहे आणि मराठीही. महाराजांचे नाव ऐकून ऊर भरून येतो, आणि वीरजींचे घर रिकामे झाले हे वाचताना मन थबकते. या दोन्ही भावना खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी पुसून टाकणे मला जमत नाही, आणि तशी गरजही वाटत नाही. मावळ्याच्या घरात उपासमार होती, व्यापाऱ्याच्या घरात आकांत होता, आणि दोघांनाही वाऱ्यावर सोडणारी मुघल सत्ता मधे होती.

म्हणून आपल्या घरांत एक रीत पडावी. जुने शिवपट जरूर पाहावेत, आनंदघनांची गाणी नातवंडांना ऐकवावीत. पडद्यावरच्या महाराजांना मुजराही करावा. मात्र चित्रपट संपल्यावर सुरतेवर स्वारी का झाली आणि ती कोणाला सोसावी लागली, हेही मुलांना सांगावे. ‘बदसुरत’ हा शब्द तेवढा सोडून द्यावा. महाराजांचे मोठेपण त्यावर अवलंबून नाही. आणि ज्या गावाने आपल्याला भाकर दिली, त्याच्या दुःखाची थट्टा आपल्या तोंडी शोभत नाही.