मॉन्ट्रियलची थुंकी आणि केपटाउनची मुलं

सांगलीजवळच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. 1984 च्या गॅदरिंगला दहावीच्या चार मुलांनी गिटारवर ‘पिंक फ्लॉइड’ या बँडचं ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ म्हटलं. माझ्या कानाला आधी व्याकरण खटकलं. ‘आम्हाला शिक्षण नको’ म्हणणाऱ्या एकाच वाक्यात दोन नकार! मग अर्थ लक्षात आला आणि मी चपापले. गाणं सरळ शाळेवर आणि मास्तरांवर उठलेलं होतं. दुसऱ्या दिवशी शिक्षक-खोलीत ठरलं, असली गाणी पुन्हा नकोत. मीही मान डोलावली. त्याची रुखरुख मनात राहिली, म्हणून पुढची कित्येक वर्षं मी या गाण्याचा माग काढत राहिले.

पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की गाणं लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचे आईवडील दोघंही शिक्षक होते. वडील फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा होता. केंब्रिजमध्ये मुलांच्या शाळेत तो शिकला आणि तिथल्या काही मास्तरांचा जाच त्याच्या मनात घर करून राहिला. त्याचा राग होता तो पोरांना अपमानानं वाकवणाऱ्या शिक्षकांवर.

मात्र हे गाणं ज्यात आहे त्या ‘द वॉल’ या अल्बमची सुरुवात शाळेत झाली नाही. ती झाली 6 जुलै 1977 ला, मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये. बँडच्या दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम. समोर अफाट गर्दी, फटाके, आरडाओरड. मंचाजवळ आलेल्या एका श्रोत्यावर वॉटर्स चिडून थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपल्यात आणि ऐकणाऱ्यांत एक भिंत उभी राहिली आहे, हे त्याला त्या रात्री दिसलं. त्याच दौऱ्यात फिलाडेल्फियात त्याच्या पोटात प्रचंड दुखत होतं. डॉक्टरनं सुई टोचली, हात बधिर झाले, आणि तशाच हातांनी त्यानं कार्यक्रम पार पाडला. ‘कम्फर्टेबली नंब’ या गाण्याचं बीज त्या सुईत आहे.

या गाण्याला सरसकट नशेचं गाणं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्यात डॉक्टर येतो तो आजारी माणसाला बरं करायला नाही, मंचावर उभं करायला. तिकिटं विकली गेली आहेत, लोक थांबलेत, खेळ झालाच पाहिजे. इथे व्यसन, प्रसिद्धी आणि हुकमत या तीन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत. प्रसिद्धीला माणूस उभा हवा असतो, सुई त्याला उभा करते, आणि सुई कधी टोचायची हे दुसरंच कुणी ठरवतं. अल्बमच्या कथेत पुढे हाच बधिर झालेला गायक, पिंक, हुकूमशहा होऊन श्रोत्यांवरच गरजू लागतो.

वॉटर्सनं असा एक माणूस जवळून गमावला होता. बँड ज्याच्यामुळे नावारूपाला आला तो सिड बॅरेट एलएसडीच्या सेवनात आणि मनाच्या आजारात हरवला आणि 1968 मध्ये बँडबाहेर पडला. 5 जून 1975 ला तो अचानक ॲबी रोड स्टुडिओत आला. अंग सुटलेलं, डोकं आणि भुवया भादरलेल्या. जुन्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंसुद्धा नाही.

‘द वॉल’ नोव्हेंबर 1979 मध्ये आला. शाळेच्या गाण्यातला समूहस्वर लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या तेवीस मुलांचा आहे. त्यांच्या संगीतशिक्षकानंच त्यांना जवळच्या स्टुडिओत नेलं होतं. शाळेविरुद्धचं गाणं मुलांना गायला नेणारा शिक्षकच, हे वाचलं त्या दिवशी माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरलं.

1980 च्या एप्रिलमध्ये केपटाउनच्या मुलांनी शाळांवर बहिष्कार टाकला. वर्णभेदी राजवटीत त्यांना पुस्तकं अपुरी होती, वर्ग मोडके होते, आणि शिक्षण असं होतं, की मूल मोठं होऊन गोऱ्यांच्या हाताखालीच राबावं. निषेध करताना ती मुलं हे गाणं गात. मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं त्यावर बंदी घातली. त्या मुलांना शिक्षण नको नव्हतं, खरं शिक्षण हवं होतं. दोन नकारांचा खरा अर्थ मला त्यांनी शिकवला.

‘द वॉल’च्या कथेचा उलटा अर्थही लावला गेला. तिच्यावरच्या 1982 च्या चित्रपटात हुकूमशाहीची निशाणी म्हणून एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे आहेत. अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या टोळ्यांनी ते आपलं चिन्ह म्हणून उचललं. इशाऱ्याचाच त्यांनी झेंडा केला. म्हणून ‘ज्याला जो वाटेल तो अर्थ’ हे मला मान्य नाही. गाण्यात कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि त्याचा शेवट काय होतो, हे पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

आपल्याला ही रीत परकी नाही. आमच्या शिक्षक-खोलीतल्याच मराठीच्या बाई संत एकनाथांचं विंचवाचं भारूड शिकवत. तो विंचू म्हणजे काम-क्रोध, हे त्या वर्गाला सांगत, आणि मुलांना ते कळे. त्या चार मुलांच्या गाण्याला आम्ही तेवढा एक तास दिला नाही.

1991 पासून निवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी नववीला तो तास दिला. टेपरेकॉर्डर घरून न्यायचा, गाणं दोनदा लावायचं आणि विचारायचं, भिंत कुणी बांधली? तुमच्या घरातलं किंवा वर्गातलं मूल एखादं गाणं पुन्हापुन्हा ऐकत असेल, तर ते बंद करू नका. शेजारी बसा, त्याच्याकडून शब्द लिहून घ्या आणि त्यालाच अर्थ विचारा.