सन 1885 चे एक वाक्य

1854 साली आग्र्याहून मुंबईस तारेची ओळ टाकण्यात आली, ती शिंदे आणि होळकर यांच्या मुलखातून, ग्वाल्हेर व इंदूरवरून आली. त्याच वर्षी कंपनी सरकारने तारेविषयी पहिला कायदा केला आणि तारा उभारण्याचा व चालविण्याचा एकाधिकार आपल्याकडे ठेवला. पुढे तीनच वर्षांत त्या एकाधिकाराचे मोल कळून आले. 11 मे 1857 रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास गेलेल्या संदेशामुळे पंजाबातील इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. बंडवाल्यांनीही जागोजागी तारा तोडल्या, त्या काही उगाच नव्हेत. बातमी कोणाच्या हाती राहावी हा प्रश्न या देशात तारेइतकाच जुना आहे.

पुढे 1885 साली भारतीय तार अधिनियम झाला. त्याच्या पाचव्या कलमात एक वाक्य आहे. ‘सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास अथवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी’ सरकारने कोणताही संदेश अडवावा, रोखून धरावा, उघडून पाहावा, असा त्याचा आशय. परंतु या वाक्याहून अधिक बोलके होते ते त्यापुढचे पोटकलम. आणीबाणी आहे की नाही याविषयी शंका निघाल्यास सरकारच्या सचिवाने सही केलेला दाखला हाच निर्णायक पुरावा मानावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे वादीही सरकार, साक्षीदारही सरकार आणि निवाडाही सरकारचाच! परक्या राज्यकर्त्यांचा कायदा म्हणून त्याचे नवल वाटू नये. नवल वाटावे ते याचे की, 1950 साली राज्यघटना अमलात आल्यानंतरही तो दाखला बावीस वर्षे तसाच राहिला. 1972 च्या दुरुस्तीने तो गेला आणि त्याच्या जागी आदेशाची कारणे लेखी नमूद करण्याची अट आली. मूळ वाक्य मात्र जिथल्या तिथे राहिले.

हे वाक्य इतके टिकाऊ का ठरले? एक कारण असे की, त्या अधिनियमातील ‘तार’ या शब्दाची व्याख्याच ऐसपैस होती, आणि पुढील दुरुस्त्यांनी ती आणखी रुंद झाली. तिच्यात टेलिफोन सामावला, बिनतारी यंत्रणा सामावली. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसाधारण ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा तेही याच छत्राखाली आले. स्वतः तार मात्र 14 जुलै 2013 रोजी बंद झाली. तार गेली आणि तारेचा कायदा राहिला.

या वाक्याचा अर्थ नीट लावण्याचा मान सर्वोच्च न्यायालयाकडे जातो. राजकीय पुढाऱ्यांचे टेलिफोन चोरून ऐकले जात असल्याच्या वार्तेवरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने अर्ज केला, आणि 18 डिसेंबर 1996 रोजी न्यायमूर्ती कुलदीपसिंग व न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी निकाल दिला. सार्वजनिक आणीबाणी ही काही गुप्त गोष्ट नव्हे. ती असेल तर कोणाही सुबुद्ध माणसास दिसलीच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आदेश गृहसचिवानेच द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकंदर मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि समितीने त्याची फेरतपासणी करावी, अशी बंधने त्यांनी घातली. संदेश ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी असावी, ही मागणी मात्र त्यांनी मान्य केली नाही. तसा नियम करणे हे सरकारचे काम, असे म्हटले.

न्यायमूर्तींपुढे तेव्हा एकेका माणसाचा टेलिफोन होता. पुढे जे घडले ते निराळेच. कोणा एकाचे बोलणे ऐकण्याऐवजी सगळ्यांचेच बोलणे थांबविणे सोपे झाले. प्रथम यासाठी फौजदारी संहितेचे जमावबंदीचे 144 वे कलम वापरात होते. ऑगस्ट 2017 मध्ये तार अधिनियमाखालीच सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम करण्यात आले. 2021 च्या सप्टेंबरात राजस्थानात शिक्षकभरतीच्या परीक्षेत नक्कल होऊ नये म्हणून कित्येक जिल्ह्यांत मोबाईलवरील इंटरनेट बंद ठेवण्यात आले. परीक्षेतील नक्कल ही सार्वजनिक आणीबाणी असेल, तर आणीबाणी नाही असा दिवस पंचांगात शोधावा लागेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात नोंदविले की, देशात इंटरनेट किती वेळा बंद केले याची नोंद ना दूरसंचार विभागाकडे आहे, ना गृह मंत्रालयाकडे.

काश्मीरचे उदाहरण सर्वांत मोठे. ऑगस्ट 2019 च्या आरंभी तेथे टेलिफोन व इंटरनेट दोन्ही बंद झाले. ‘काश्मीर टाइम्स’ची श्रीनगर आवृत्ती 6 ऑगस्टपासून निघू शकली नाही, आणि तिच्या संपादिका अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेथे पहिली अडचण अशी की, ज्या आदेशांनी हे घडले ते सगळे आदेशच समोर नव्हते! दिसत नसलेल्या आदेशाविरुद्ध नागरिकाने दाद मागावी तरी कशी? 10 जानेवारी 2020 च्या निकालाने हा मुद्दा धसास लावला. आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि इंटरनेटद्वारे होणाऱ्या भाषणास व व्यापारास घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे, असे न्यायालयाने ठरविले. तथापि त्या दिवशी बंदी उठविण्यात आली नाही. वेगवान मोबाईल सेवा तेथे पूर्ववत झाली ती 5 फेब्रुवारी 2021 रोजी, म्हणजे दीड वर्षाने. तेवढ्या काळात विद्यार्थ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही निकालपत्राने भरून येण्यासारखे नव्हे.

2023 साली नवा दूरसंचार अधिनियम संमत झाला. त्याचे विसावे कलम 26 जून 2024 पासून अमलात आले असून, त्यात ते 1885 चे वाक्य जवळजवळ अक्षरशः उतरले आहे. उलट सेवा स्थगित करण्याचा अधिकार आता स्वतंत्र शब्दांत लिहिला गेला आहे. जुन्या कायद्यात तो नियमांच्या आधारे ओढून आणावा लागे. नोव्हेंबर 2024 च्या नियमांनुसार आदेश प्रसिद्ध करावा लागतो, आणि तो पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. एवढी सुधारणा खरीच. परंतु राज्यात आदेश काढतो तो गृहसचिव, आणि तपासणाऱ्या समितीत बसतात ते मुख्य सचिव व त्यांचे सहकारी सचिव. या समितीत निवृत्त न्यायाधीशांसारखे बिनसरकारी सभासद असावेत, अशी शिफारस संसदेच्या त्याच स्थायी समितीने 2021 साली केली होती. ती नव्या नियमांत आलेली नाही.