काशीची नाव आणि तिची लाकडी प्रतिकृती

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती घडवून ती रंगवण्याचा छंद युरोपात वाढला तो मुख्यतः गोद्यांच्या आश्रयाने. सतराव्या शतकात इंग्रज आरमाराच्या जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार होऊ लागल्या, आणि अधिकाऱ्यांच्या दालनांतून त्या पुढे हौशी लोकांच्या घरांत पोचल्या. वाराणसीत नाव बांधणारा मिस्त्री आणि लाकडी खेळणी करणारा खरादी, म्हणजे आपल्याकडील कातारी, हे दोघेही पिढ्यानपिढ्या एकाच नगरात राहिले. तरीही काशीच्या खेळण्यांची ख्याती पक्षी, प्राणी, देवदेवता, सिंदुराच्या डब्या आणि भातुकलीची भांडी यांमुळे झाली, नावेमुळे नव्हे. हा योगायोग नाही. दोन्ही धंद्यांची हत्यारे, लाकूड आणि गिऱ्हाईक वेगवेगळे असल्याचा तो परिणाम आहे.

रेल्वे येण्यापूर्वी गंगा हा उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत मोठा मालवाहतुकीचा मार्ग होता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मराठी वाचकाला परिचित असलेले शिंदे घाट, भोसले घाट आणि अहिल्याबाई घाट ज्या वालुकाश्माने उभे राहिले, तो दगड वाराणसीच्या नैर्ऋत्येस, प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेल्या चुनारच्या खाणींतला. आणि एवढ्या वजनाचा माल आणण्याची सोईची वाट नदीचीच होती. मराठी सरदारांच्या दानधर्माचा इतिहास लिहिताना शिल्पी व पुरोहित यांची आठवण होते, दगड वाहणाऱ्या मल्लाहाची सहसा होत नाही.

या नदीवरील नावांचे प्रकार पुष्कळ होते. बजरा ही घरासारख्या खोल्या असलेली प्रवासी नौका. मोरपंखी ही मोराच्या आकाराच्या नाळेची, श्रीमंतांच्या जलविहाराची. पलवार व उलाक या मालाच्या. आणि पटेला ही सपाट तळाची, धान्य व कापूस वाहणारी अवजड नाव, जिच्या बाजूच्या फळ्या कडेला कड न भिडवता कौलांप्रमाणे एकीवर एक चढवलेल्या असत. वारा अनुकूल असला की बांबूच्या डोलकाठीवर कापडाचे किंवा गोणपाटाचे चौकोनी शीड चढे, आणि वारा पडला की दांडी, म्हणजे वल्हेकरी, काठावर उतरून ‘गून’ नावाच्या दोराने नाव ओढत. कलकत्त्याहून वर येणाऱ्या नावांना पुरवा, म्हणजे पूर्वेचा वारा, साह्य करी. पण काशीपुढे गंगा उत्तरवाहिनी असल्याने तोच वारा नावेच्या कुशीवर येतो, आणि चौकोनी शिडाला असा वारा फारसा उपयोगी पडत नाही. बिशप हेबर १८२४ च्या जूनमध्ये कलकत्त्याहून निघून सप्टेंबरात काशीस पोचला, यावरून या प्रवासाच्या गतीची कल्पना येईल.

प्रतिकृतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट या नावांच्या बांधणीत आहे. पाश्चात्त्य जहाजात आधी कणा, मग बरगड्या आणि शेवटी फळ्या असा क्रम रूढ झाला, व आजचा छांदिष्टही बहुधा तोच क्रम पाळतो. गंगेच्या खोऱ्यातील परंपरेत आधी फळ्यांचे कवच उभे राहते, आणि बरगड्या नंतर आतून बसवल्या जातात. बंगालच्या बाजूस फळ्यांच्या कडा एकमेकींना लोखंडी आकड्यांनी शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात, आणि हे आकडे हेच त्या बांधणीचे ओळखचिन्ह ठरते. नकाशा कागदावर नसतो. नावेचा फुगवटा मिस्त्रीच्या नजरेत व वितीच्या मापात असतो. ज्या विद्येचे आराखडेच काढले जात नाहीत, तिची प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती करण्याची गरजही त्या धंद्याला भासत नाही. युरोपीय गोदीत प्रतिकृती ही धन्याला दाखवण्याची वस्तू होती. येथे धनी घाटावर येऊन खरी नावच पाहत असे.

खरादीचे काम याहून निराळे. फिरत्या लाकडावर पटाशी धरून त्याला गोलाई द्यायची, त्याच फिरतीवर रंगीत लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढली की केवड्याच्या पानाने ती घोटून चकाकी आणायची, अशी ही पद्धत आहे. यात ब्रश लागत नाही, रंग लाकडावर सपाट व गोल पट्ट्यांत बसतो, आणि वस्तू ज्या अक्षाभोवती फिरते त्याच्या सर्व बाजूंनी सारखीच होते. डबी, बाहुली, भोवरा यांना हे शोभते. नावेचा आकार मात्र अशा अक्षाभोवती जमत नाही. तळ एकीकडे, तोंड दुसरीकडे आणि दोन्ही टोके निमुळती. ती करायची तर खरादावरून उतरून कोरीव कामाकडे वळावे लागते, आणि लाखेऐवजी ब्रशाने रंगवावे लागते. काशीत कोरून रंगवलेली खेळणीही होत आली आहेत, परंतु खोजवाँ-कश्मीरीगंज भागाची प्रतिष्ठा खरादाच्या कामावर उभी आहे. त्यासाठी वापरले जाणारे कोरैया लाकूड म्हणजे आपल्याकडील कुडा. हलके, पांढरे आणि बारीक पोताचे. या खेळण्यांना २०१४-१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सावंतवाडीत चितारी मंडळींनी लाखकाम आणि ब्रशाचे चित्रकाम एकाच घरात सांभाळले, ही तुलना येथे उद्‌बोधक आहे.

नावा रंगवण्याविषयी एक जुना शास्त्रीय आधार सांगितला जातो. धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात चार डोलकाठ्यांची नाव पांढरी, तिहींची तांबडी, दोहोंची पिवळी आणि एकीची निळी रंगवावी असा विधी असून, नाळेला सिंह, हत्ती, सर्प, पक्षी आदींची तोंडे द्यावीत असेही म्हटले आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ च्या आपल्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथात याचा विस्ताराने परामर्श घेतला. हा विधी मालवाहू नावांवर कधी काटेकोर पाळला गेला असेल असे मानणे धाडसाचे आहे. शोभेचे खरे स्थान होते श्रीमंतांचे बजरे, विशेषतः होळीनंतरच्या बुढवा मंगल या जलोत्सवात, जेव्हा काशीचे रईस सजवलेल्या नावांवर गाण्याच्या मैफली भरवीत.

प्रतिकृती झाल्या त्या दुसरीकडे आणि दुसऱ्याच माध्यमात. एकोणिसाव्या शतकात मुर्शिदाबादच्या कारागिरांनी हस्तिदंतात मोरपंखी व बजरे कोरले, वल्हेकऱ्यांच्या रांगांसह. ते युरोपीय गिऱ्हाइकांनी विकत घेतले आणि आज परदेशी संग्रहालयांत आहेत. सौंदर्याच्या दृष्टीने ते अप्रतिम असले तरी फळीचा सांधा, आकडा आणि शिडाची बांधणी यांचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग थोडा. त्यासाठी फ्लेमिश चित्रकार बाल्थाझार सोल्विन्स याच्याकडे वळावे लागते. तो १७९१ मध्ये कलकत्त्यास आला, आणि पॅरिसमध्ये १८०८ ते १८१२ या काळात निघालेल्या त्याच्या चार खंडांत येथील नावांची चित्रे एकेका जातीचा भेद ओळखता येईल अशी आहेत. जेम्स हॉर्नेलने १९२४ मध्ये गंगेच्या नावांवर प्रबंध लिहिला, तोवर पुष्कळ प्रकार विरळ झाले होते.

त्याचे कारण उघड आहे. १८३४ पासून गंगेवर आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली, १८६२ मध्ये लोहमार्ग मुघलसरायपर्यंत आला, आणि १८८७ मध्ये राजघाटाजवळ गंगेवरील पूल खुला झाल्यावर माल नदीने नेण्याचे प्रयोजनच संपत गेले. शीड गेले, उरली ती यात्रेकरूंना फिरवणारी वल्ह्याची नाव, आणि आता तिच्यावरही इंजिन बसले आहे. तळाला डांबर, बाजूंना भडक रंग आणि त्यावर दुकानांच्या जाहिराती, हे तिचे सध्याचे रूप.

छंद म्हणून गंगेची जुनी नाव घडवू पाहणाऱ्याने म्हणूनच विलायती आराखड्यांचा संच बाजूला ठेवावा, फळ्यांचे कवच आधी उभे करावे, सोल्विन्सची चित्रे व हॉर्नेलचे वर्णन समोर ठेवावे, आणि घाटांच्या पायऱ्यांवर दुरुस्तीसाठी उलटी घातलेली लाकडी नाव दिसली तर मिस्त्रीच्या परवानगीने तिची मापे उतरून घ्यावीत.